मुक्काम पोस्ट मखमलाबाद

नाशिकला घरी जायचे ठरले की माझा पहिला फोन आईला जात नाही. आधी मोबाइलमधले एक ॲप उघडावे लागते आणि पुढचे पाच दिवस मी रात्री कुठे मुक्कामाला असेन, रोजच्या कोणत्या एका तासात मी नक्की कुठे सापडेन, हे त्यात भरावे लागते. उत्तेजक द्रव्यांच्या चाचणीसाठी ज्यांची नावे यादीत नोंदलेली असतात, त्या प्रत्येक खेळाडूला हे बंधन आहे. दिलेल्या तासाला दिलेल्या जागी न सापडणे किंवा माहिती वेळेत न भरणे, असे बारा महिन्यांत तीनदा घडले, तर आयुष्यात एकही वावगी गोळी न घेतलेल्या माणसावरही बंदी येऊ शकते. सकाळी सहा ते सात हा माझा तास आहे. पत्त्याच्या जागी मी ‘मुक्काम पोस्ट मखमलाबाद, तालुका-जिल्हा नाशिक’ असे लिहिते आणि खाली खुणेसाठी ‘द्राक्षबागेच्या अलीकडचा कच्चा रस्ता, डावीकडे पत्र्याची शेड’ असे जोडते. ज्या घरात मी जन्मले, तिथे कसे पोहोचायचे हे एका अनोळखी तपासनिसाला समजेल अशा भाषेत लिहिताना दर वेळी हात जरासा अडखळतो.

यंदा हा मुक्काम १२ ते १७ जानेवारी असा होता. एक शर्यत नुकतीच संपली होती आणि दुसरी आठवड्यावर आली होती. मधल्या फटीत प्रशिक्षकांनी, फार खूश नसताना, पाच दिवस दिले. आपल्याकडे रस्त्यावरच्या सायकल शर्यतींचा हंगाम हिवाळ्याचा असतो, कारण पावसात घाटाचे रस्ते शर्यतीच्या लायकीचे राहत नाहीत आणि एप्रिल-मेच्या उन्हात शंभर किलोमीटर जोरात चालवणे म्हणजे शिक्षा असते. नेमका तोच हंगाम आमच्या बागेचाही असतो. नाशिकच्या द्राक्षवेलीची वर्षातून दोनदा छाटणी होते. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी, म्हणजे काडी तयार करण्यासाठीची, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात फळछाटणी. फळछाटणीपासून सुमारे चार महिन्यांत माल तयार होतो. आमची छाटणी आगाप, सप्टेंबरच्या मध्यावर होत असल्याने आमचा खुडा ऐन संक्रांतीच्या आगेमागे येतो. खेळासाठी घर सोडून मला नऊ वर्षे झाली. या नऊ वर्षांत मी निवांत घरी आले ती मे महिन्यात, जेव्हा बागेत नुसती पाने असतात, आणि घरच्यांनी मला पाहिले तेही मे महिन्यातच, जेव्हा मी सायकलपटू असल्याचे चिन्ह म्हणजे पायांवरची उन्हाची आडवी रेघ एवढेच असते. माझ्या वडिलांनी, म्हणजे नानांनी, माझी एकही शर्यत पाहिलेली नव्हती आणि मी नऊ वर्षांत त्यांचा एकही खुडा पाहिला नव्हता. याचे कुणाला वाईट वाटत होते असे नाही. ते आमच्या लक्षातच आले नव्हते.

पुण्याहून येताना सायकल सुटी करून पिशवीत भरली, दोन्ही चाके वेगळी बांधली आणि बसच्या डिकीत माझ्या हाताने आडवी ठेवली. शर्यतीनंतर तिसऱ्या दिवशी सहा-सात तास बसून राहणे पायांना मानवत नाही, त्यामुळे नारायणगाव, आळेफाटा, संगमनेर, सिन्नर अशा प्रत्येक थांब्यावर मी खाली उतरून शतपावली घालत होते आणि कंडक्टर माझ्याकडे संशयाने पाहत होता. चंदनापुरीच्या घाटात बस दुसऱ्या गिअरवर आली तेव्हा माझ्या मांड्या नकळत आवळल्या गेल्या. हा आजार सगळ्याच सायकलवाल्यांना असतो. रस्त्याकडे आम्ही देखावा म्हणून पाहूच शकत नाही, चढ किती टक्के आहे याचा हिशेब आपोआप सुरू होतो. नाशिकरोडला नाना पिकअप घेऊन आले होते. मागे रिकामे क्रेट रचलेले होते, त्यांच्या मधोमध माझी सायकल उभी राहिली. “खुडा उद्यापासून,” एवढेच ते म्हणाले. शर्यत कशी झाली हे त्यांनी विचारले नाही आणि ते मला बरे वाटले.

शर्यत वाईट झाली होती. शेवटच्या घाटापर्यंत मी पुढच्या सतरा जणींच्या घोळक्यात होते आणि माथा हाताच्या अंतरावर असताना मागे सुटले. त्यानंतरचे अकरा किलोमीटर एकटीने वाऱ्यात काढले. सपाटीवर ताशी चाळीसच्या वेगाने चालणाऱ्या सायकलस्वाराची बहुतेक सगळी ताकद हवा कापण्यात जाते. वेग दुप्पट केला तर हवेचा रोध चौपट होतो आणि त्यावर मात करायला लागणारी ताकद आठपट. पुढच्या चाकाच्या आडोशाला राहिले तर त्यातली चौथाई ते तिहाई मेहनत वाचते. म्हणून घोळक्यातून सुटलेली बाई घोळक्याइतकीच दमदार असली तरी तिचे काही खरे नसते. हे सगळे मला ठाऊक होते. मी सुटले का, तेवढे ठाऊक नव्हते.

दुसऱ्या दिवशी भोगी. बाजरीची तीळ लावलेली भाकरी, पावट्या-गाजर-वांग्याची भाजी, वर लोण्याचा गोळा; या जेवणाला कोणताही आहारतज्ज्ञ नाक मुरडणार नाही, पण आजीच्या हातचे प्रमाण वेगळे असते. हंगामात मी रोज सकाळी वजन करते आणि वहीत लिहिते, हे तिला अजिबात रुचत नाही. तिच्या मते वजन मालाचे करतात, माणसाचे नाही. तिने माझी सायकल एका हाताने उचलून पाहिली आणि एवढ्याशा वस्तूला एवढे पैसे लागतात यावर विश्वास ठेवायला नकार दिला. मी तिला सांगितले की आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे शर्यतीची सायकल ६.८ किलोपेक्षा हलकी असून चालत नाही. “म्हणजे याहून हलकी करता येते?” तिने विचारले, आणि येते म्हटल्यावर ती बराच वेळ गप्प बसली.

संध्याकाळी नातेवाईक येऊन गेले. नाशिकमध्ये सायकलपटू म्हटले की एक प्रश्न ठरलेला असतो, “अमेरिकेची कधी करणार?” या प्रश्नाला कारण आहे. २०१५ मध्ये याच शहरातल्या डॉक्टर हितेंद्र आणि महेंद्र महाजन या भावांनी ‘रेस ॲक्रॉस अमेरिका’ ही पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंतची सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत दोघांच्या संघाने नऊ दिवसांच्या आत पूर्ण केली, आणि २०१७ मध्ये लष्करातले डॉक्टर श्रीनिवास गोकुळनाथ यांनी नाशिकमध्येच तयारी करून ती एकट्याने बारा दिवसांच्या आत पार केली. इथे पहाटे त्र्यंबकच्या रस्त्यावर सायकली दिसतात आणि नाशिकहून पंढरपूरला सायकलवारीही जाते. याचा मला अभिमानच आहे. पण त्या शर्यतीत झोप, एकटेपणा आणि स्वतःचे मन यांच्याशी सामना असतो. माझी शर्यत तीन तासांत संपते आणि तीत कोणाच्या मागे किती वेळ लपायचे, कधी दात-ओठ खाऊन निघायचे, याची चोरटी गणिते असतात. धावणाऱ्यांत मॅरेथॉन आणि आठशे मीटर यांत जसे अंतर आहे तसे हे आहे, असे मी दर वेळी सांगते. मावशी दर वेळी मान हलवते आणि जाताना विचारते, “पण मग अमेरिकेची?”

त्या रात्री आई गुळपोळीचे सारण करत होती. भाजलेले तीळ, किसलेला गूळ, खमंग भाजलेले बेसन, वेलची, सगळे परातीत होते आणि शेजारी वाटीत भाजलेली खसखस होती. तिला अडवताना मला ओशाळल्यासारखे झाले. खसखस म्हणजे अफूच्याच बोंडातले बी. त्यात मॉर्फिनचा अंश असू शकतो, आणि स्पर्धेच्या काळात मॉर्फिनला बंदी आहे. पोळी खाऊन आठवड्याने कोणी पकडले जात नाही, हे मलाही कळते. पण शरीरात जे सापडेल त्याची जबाबदारी खेळाडूचीच, मग ते कुठूनही येवो, असा नियम असल्याने मी ती सवयच ठेवलेली नाही. सर्दीसाठी घरी आणलेले सिरपही मी बंदी असलेल्या द्रव्यांची यादी पाहिल्याशिवाय घेत नाही. आईने एकही प्रश्न विचारला नाही. तिने सारणाचे दोन भाग केले, एकात खसखस घातली, एकात नाही, आणि माझ्या पोळ्यांना ओळखू याव्यात म्हणून कडेला बोटाने एकेक खळगा पाडला. सकाळी डब्यात पाहिले तर खळग्याच्या पोळ्या बावीस आणि बाकीच्या आठ होत्या.

संक्रांतीच्या दिवशी रस्त्यावर जायचा प्रश्नच नव्हता. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्येच देशभर बंदी घातली आहे, तरी तो दर वर्षी कुठून तरी येतो आणि दुचाकीवाल्यांचे गळे कापतो. खाली वाकून ताशी पस्तीसने येणाऱ्या सायकलस्वाराला तो दिसणेही शक्य नसते. पण दोन दिवस पाय बंद ठेवणेही परवडत नाही, कारण व्यायाम थांबला की काही दिवसांतच रक्तातल्या द्रवाचे प्रमाण घटू लागते आणि तयारी उतरणीला लागते. म्हणून पत्र्याच्या शेडमध्ये, पेट्या भरण्याच्या टेबलाशेजारी, मी सायकलचे मागचे चाक ट्रेनरवर चढवले. खुड्यासाठी पेठ-सुरगाण्याकडची टोळी आली होती. त्यातल्या पाच-सहा बाया माल निवडत होत्या, मण्यांना हात न लावता देठाने घड उचलून, कात्रीच्या टोकाने तडकलेला किंवा बारका मणी काढून. मी तासभर घाम गाळत त्यांच्यासमोर जागच्या जागी पायडल मारत होते. शेवटी एकीने विचारले, “ताई, किती झालं?” मी स्क्रीन पाहून सांगितले, “अडतीस किलोमीटर.” ती म्हणाली, “आणि हायेस अजून हितंच.” सगळ्या जणी हसल्या, मीही हसले, आणि पुढची वीस मिनिटे पायांत बळ नव्हते.

पाय मोकळे करून मी बागेत गेले तेव्हा नऊ वर्षांत प्रथमच मी मांडवाखाली वाकून चालले. मेमध्ये तिथे सरळ उभे राहता येते. आता डोक्याला घड लागत होते. उन्हाने मणी भाजू नयेत म्हणून प्रत्येक घडाला वर्तमानपत्राचा कागद गुंडाळलेला होता, त्यामुळे पाचशे जुने अग्रलेख हिरव्या छताला टांगल्यासारखे दिसत होते. नानांनी एक मणी तोडला, रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर त्याचा थेंब पिळला आणि ती नळी उजेडाकडे धरून माझ्या हातात दिली. आतली निळी रेघ सतरावर होती. सतरा म्हणजे साखर चांगली उतरली. सोळाच्या आत असती तर परदेशी जाणाऱ्या मालाचा व्यापारी थांबला असता. मग ते बोलत गेले, आणि फोनवर अडीच मिनिटांवर न जाणारा हा माणूस अर्धा तास बोलला. खाली मुळाचा खुंट डॉगरिज जातीचा आहे, तो क्षार आणि पाण्याचा तुटवडा सोसतो, वर कलम केलेली थॉम्सन द्राक्षाची काडी. आगाप छाटणीला भाव मिळतो, पण ऑक्टोबरचा परतीचा पाऊस फुलोऱ्यात सापडला की डावणी ही बुरशी येते आणि रात्री दोन वाजता फवारणीला ट्रॅक्टर काढावा लागतो. डिसेंबरात निफाडचा पारा पाच-सहाच्या खाली गेला त्या आठवड्यात इथेही पहाटे बागेत शेकोट्या पेटवल्या होत्या, कारण मण्यात पाणी उतरल्यावर कडाक्याची थंडी पडली की मणी तडकतात. “तेव्हा तू कुठं होतीस?” त्यांनी विचारले. मी आठवून सांगितले की त्या आठवड्यात आमचा सराव वर्ग होता आणि थंडीमुळे प्रशिक्षकांनी सकाळचा सराव दोन तास पुढे ढकलला होता.

त्यांनी एका वेलीवरचे कापलेले देठ दाखवले. या वेलीवर दुप्पट घड आले होते, निम्मे त्यांनी कोवळे असतानाच काढून टाकले; सगळे ठेवले असते तर एकाचाही मणी फुगला नसता. इथे वेलीची विरळणी आणि खेळाडूची विश्रांती यांची तुलना करण्याचा मोह होतो, आणि मला तो झालाही. पण वेल शर्यत हरत नाही, आणि काढून टाकलेले घड तिने आठवणीत ठेवल्याचे कुठे दिसत नाही.

दुपारी व्यापारी आला. तो घड उलटा करून पाहत होता आणि नाना त्याच्याकडे न पाहता दूर कुठेतरी पाहत होते. शेवटच्या दोन रुपयांवर पाऊण तास गेला. मागे एकदा एका व्यापाऱ्याने माल उचलून पैसे बुडवले होते. ते पैसे मिळण्याची आशा नाना सोडून बसले असले, तरी त्या वर्षापासून ते निम्मी रक्कम रोख हातात आल्याशिवाय गाडी बाहेर काढू देत नाहीत. मी शर्यतीच्या शेवटच्या पाच किलोमीटरमध्ये जितकी गप्प असते तितके ते गप्प होते. आपल्याला ही सवय कुठून आली, हे मला त्या दिवशी कळले. सौदा नानांनी सांगितलेल्या दराने झाला.

१६ तारखेला खुडा चालूच होता. सकाळी सात वाजता, माझा चाचणीचा तास संपल्यावर, नानांनी जुनी हिरो होंडा बाहेर काढली. मांजासाठी हँडलवर वाकवलेली जाड तार अजून तशीच होती. आईने सांगून ठेवले असावे, कारण मी फक्त तिच्याजवळच बोलले होते की मोटारसायकलच्या मागे सराव करायला मिळाला तर बरे होईल. शर्यतीच्या वेगाची पायांना सवय करण्याचा तो एक जुना मार्ग आहे. पुढे मोटारसायकल, मागे अर्ध्या मीटरवर आपले चाक. मी त्यांना दोनच गोष्टी सांगितल्या: ब्रेक दाबायचा नाही, नुसती मूठ सोडायची, आणि चढावर वेग कमी झाला तरी मागे वळून पाहायचे नाही, आरशात पाहायचे. “फवारणीचा ट्रॅक्टर असाच चालवायचा असतो,” ते म्हणाले. “एकसारखा.”

गिरणारे ओलांडेपर्यंत दव रस्त्यावर होते. हरसूलकडे जाणारा हा रस्ता ज्या डोंगरांत शिरतो, तिथल्याच सावरपाड्याची कविता राऊत २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये कांस्यपदक घेऊन आली होती. शाळेत असताना तिचे छायाचित्र मी दप्तराच्या आत चिकटवले होते. नाना ताशी बेचाळीसवर होते आणि काटा हलत नव्हता. संघातल्या व्यावसायिक चालकांच्या मागे मी इतकी निर्धास्त कधी राहिलेली नाही. नुसती पाठ दिसत होती, करड्या स्वेटरची, आणि डाव्या आरशात त्यांचा एक डोळा. वाघेऱ्याच्या घाटात वेग पंधरा-सोळावर आला, आणि तिथे आडोशाचा फायदा जवळपास संपतो, कारण चढावर भांडण हवेशी नसून वजनाशी असते. मी टिकले. मग वरच्या वळणावर मोटारसायकल किंचित पुढे गेली, पाच मीटर, दहा मीटर, आणि उतार लागताच पन्नास मीटर.

खाली ते थांबले होते. हेल्मेट काढून म्हणाले, “आरशात एकसारखी दिसत होतीस. मग दिसेनाशी झालीस.”

“माथ्यावर?”

“नाही. माथ्याच्या जरा अलीकडं. घाट संपला असं तुला वाटलं. संपला नव्हता.”

शर्यतीनंतर प्रशिक्षकांनी मला एक आलेख पाठवला होता. त्यात चढाच्या शेवटच्या बारा-पंधरा सेकंदांत माझी ताकद घसरलेली दिसत होती आणि खाली एक प्रश्नचिन्ह होते. मी त्याचे उत्तर दमणुकीत शोधत होते. पण दमलेली बाई आधीच घसरते. माथा दिसल्यावर घसरते ती वेगळ्याच कारणाने. तिथेच पुढच्या जणी उभ्या राहून वेग वाढवतात, त्या उताराला लागतात आणि आपण अजून चढावर असतो, म्हणून पाच मीटरची फट डोळ्यादेखत पन्नासची होते. हे मी नवख्या मुलींना स्वतः समजावून सांगितले आहे.

आम्ही तो घाट आणखी दोनदा चढलो. नानांचे घड्याळाकडे लक्ष होते, कारण नऊला दुसरी गाडी भरायची होती आणि आई एकटी टोळीला सांभाळत होती. पण त्यांनी घाई केली नाही. तिसऱ्या वेळी मी माथ्याच्या अलीकडे उभी राहिले आणि उतार पूर्ण लागेपर्यंत खाली बसले नाही. त्यांच्या चाकाशी माझे चाक जवळजवळ टेकले. त्यावर ते काही बोलले नाहीत, फक्त मूठ पिळली आणि थेट मखमलाबादपर्यंत बेचाळीस सोडले नाहीत.

१७ ला निघताना आजीने खळग्याच्या उरलेल्या पोळ्या बांधून दिल्या आणि संघातल्या मुलींसाठी एक पेटी द्राक्षे. सिन्नरच्या पुढे बसमध्ये मी ॲप उघडून पत्ता बदलला. मखमलाबादची ओळ पुसली आणि पुढच्या गावच्या वसतिगृहाची लिहिली.

शर्यत पुढच्या रविवारी झाली. मी सातवी आले. सातवीला काही मिळत नाही. संध्याकाळी घरी फोन लावला तर नानांनी उचलला. मागे टेम्पोच्या इंजिनाचा आवाज होता आणि कुणीतरी मोठ्याने क्रेट मोजत होते.

“शेवटपर्यंत आरशात होतीस का?” त्यांनी विचारले.

“होते.”

“बरं मग, ठेव आता. गाडी भरायची आहे.”